अप्पासाहेबांचा सातबारा

लासूर स्टेशनला जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला, की चहा येण्याआधी कोणीतरी म्हणतोच, "सातबारा आपल्या नावावर ठेवा, नाहीतर नटसम्राट व्हाल." गंगापूर-वैजापूरच्या शिवारातून समृद्धी महामार्ग गेला, मोबदल्याचा पैसा घरात आला, त्या पट्ट्यात हा सल्ला वायाही जात नाही. तरी एवढ्या मोठ्या नाटकाची बँकेच्या भिंतीवरची सूचना होऊन बसावी, हे खटकतं.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर, शांता जोगांची कावेरी. प्रश्न एवढाच, की सगळी मिळकत मुलगा नंदा आणि मुलगी नलूला वाटून टाकणारे अप्पा व्यवहारात चुकले, की बाप म्हणून? सातबारावाल्यांचं उत्तर तयार असतं: व्यवहारात. त्यांच्या लेखी बाप म्हणजे मुदतीआधी ठेव मोडून बसलेला खातेदार.

देवलांच्या 'शारदे'तला कांचनभट पैशासाठी पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. त्याच्याशी भांडण सोपं आहे, तो उघड विकतोय. अवघड आहेत ते देणारे बाप. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मधला (१९४९) विली लोमन विम्याचे वीस हजार डॉलर मुलाला, बिफला, मिळावेत म्हणून जीव देतो. घराचा शेवटचा हप्ता फिटतो तो त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. बिफला मुळात धंदाच नको असतो, पण ते विलीने कधी ऐकूनच घेतलेलं नसतं.

देणं वेगळं, आणि दिलेल्यातून काय व्हावं हेही आपणच ठरवणं वेगळं.

एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) ठरवणारा बाप, तात्याजी, पडदा उघडण्याआधीच गेलेला आहे. मागे उरतो दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. तात्याजींच्या तेराव्याला गावजेवण तर घालायलाच हवं, आणि हातात पैसा नाही. ज्या सोन्यावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा, ते नात शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईला पळताना घेऊन जाते. तात्याजींच्या लेकीला, प्रभाला, पुढे शिकायचं होतं. ते घराण्याच्या इभ्रतीत बसलं नाही. ट्रॅक्टर बसला.

या मंडळींशेजारी अप्पा उदार दिसतात. दिलं आणि मोकळे झाले. पण खरंच मोकळे झाले का?

२००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आला. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत मुलांनी अट मोडली तर परत मिळवता येते. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जायचं. आजचे अप्पा गेले असते तर घर कदाचित मिळालंही असतं. मात्र त्यांची अट निर्वाहाची नव्हतीच. त्यांना हवा होता घरातला पहिला मान, नातवंडांवर हक्क, आणि बोलायला लागलं की हातातलं काम टाकून ऐकणारी माणसं. ही अट त्यांनी तोंडाने घातली नाही, पण घातलीच नव्हती असं म्हणवत नाही. रंगमंच सुटल्यावर त्यांनी मिळकत देऊन प्रेक्षक धरून ठेवू पाहिले. विलीचा हिशोब याहून फार निराळा नव्हता.

मग सातबारावाले बरोबर ठरतात? नावाला किंमत असते, एवढं त्यांचं मानायला हवं. फक्त 'आपल्या नावावर' म्हणजे कोणाच्या, हे ते सांगत नाहीत. वाटणी अप्पांनी केली; लेकीच्या घरी चोरीचा संशय त्यांच्या बायकोवर, कावेरीवरही आला, आणि बाहेर पडल्यावर आधी गेली तीच. शारदेची आई इंदिराकाकू नवऱ्याच्या सौद्याच्या विरोधात उभी राहते, पण घरात तिचं चालत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली ती बायकोच्या नावावर जमीन व्हावी म्हणून. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची सोय करून दिली. अर्ज मात्र नवऱ्यानेच करायचा असतो.