होकाराचे मोल

दुर्मीळ आजाराच्या रुग्णापुढे नव्या औषधाच्या चाचणीचा कागद येतो, तेव्हा त्याची सही कितपत स्वतंत्र असते? दुसरा उपाय नसणे हाही एक तुरुंगच नव्हे काय?

मुंबईत प्लेग असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली. बाकीच्यांनी नकार दिला, आणि तो मानला गेला. बंदिवानाच्याही होकाराला मोल येते ते यामुळेच.

आमच्या पिंपळगाव बसवंतला बागाईतदार नवे औषध आधी द्राक्षाच्या एकाच ओळीवर फवारून पाहतो. वेलीला कोणी विचारत नाही. माणसाला विचारावे लागते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आपल्याकडील २०१९ च्या नियमांनी रुग्णाला दिला आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाला स्नायू क्षीण करणारा आजार आहे. "गुरुजी, मुलाचे नाव चाचणीत घालू का?" त्याने विचारले. मी म्हटले, "चाचणी हे बरे करण्याचे वचन नव्हे, तो शोध आहे. फळ कदाचित दुसऱ्यांच्या लेकरांना मिळेल. स्वतःचा देह देणे हे दान. लेकराचा देताना दहादा विचार कर. तो कळता आहे, त्यालाही विचार. आणि 'नाही' म्हणालास, तरी तू बाप म्हणून उणा ठरत नाहीस."