दगडावरील नाव

दान देणाऱ्याचे नाव दगडावर कोरावे किंवा कोरू नये, हा प्रश्न आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो, आणि त्यावरून कधी कधी मनेही दुखावतात. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू देऊ नये, हा प्रभूचा उपदेश सर्वांस ठाऊक आहे. तरी घंटेवर, बाकावर व विहिरीच्या कठड्यावर नावे दिसतातच. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास आम्हांस कान्हेरीच्या डोंगराने पुष्कळ साहाय्य केले, म्हणून त्या स्थळाविषयी लिहितो.

कान्हेरीची लेणी मुंबईच्या उत्तर भागी, साष्टीवरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. (आमचे कर्जत मुंबईच्या आगगाडीच्या वाटेवरचे नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातले, तेव्हा प्रवास लांबचा.) आपल्या तालुक्यातील रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य ज्या वाचकांनी पाहिले असेल, त्यांनी तेथील उघडा माळ क्षणभर विसरावा. येथे सुमारे १०४ चौरस किलोमीटर दाट रान आहे. त्यात बिबटे आहेत, मुंबईस पाणी देणारे विहार व तुळशी हे तलाव आहेत, आणि उत्तरेस वसईची खाडी आहे. रानातून पाऊलवाटा जातात, व कातळात खोदलेल्या पायऱ्या एका लेण्यापासून दुसऱ्याकडे नेतात.

लेणी शंभराहून अधिक आहेत. इ. स. पूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा निवास होता. पुष्कळ लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. कातळावर पडलेला पाऊस चरांतून त्यात उतरतो. आम्हां अवर्षणाच्या मुलखातील माणसांचे पाय मूर्तींपेक्षा ह्या टाक्यांपाशी अधिक रेंगाळले, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. येथील लेखांत दात्यांची नावे आहेत. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक अशा गावांची माणसे ती. त्यांत व्यापारी आहेत तसे कारागीरही आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचा लेख येथे आहे. कित्येक लेखांत भिक्षूंच्या वस्त्रांकरिता दिलेल्या ठेवीची नोंद आहे. असा लेख म्हणजे नुसती बढाई नव्हे, तो करारपत्रही होय. टाके खोदणाऱ्या पाथरवटाचे नाव मात्र सहसा आढळत नाही.

पुढे लिपीच विसरली गेली. जेम्स प्रिन्सेप ह्यांनी १८३७ साली ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तोपर्यंत कित्येक शतके त्या सोनाराचे नाव म्हणजे दगडावरील ओरखडे होते. टाके मात्र दर पावसाळ्यात भरत राहिले. तहानेल्यास त्यातले पाणी मिळण्याकरिता लेख वाचता येण्याची गरज नव्हती.

आता येणारे पाहुणेही नावे कोरतात, खिळ्याने किंवा किल्लीने. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याने हा गुन्हा आहे, व २०१० च्या दुरुस्तीने त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठरला आहे. परंतु कोणी विचारील, क्र. ९० च्या लेण्यात इ. स. १००९ व १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी पेहलवी लिपीत आपली नावे लिहून ठेविली, त्यांस विद्वान मान देतात; मग ह्या पोरांस दंड का? आक्षेप खरा आहे, व तो हसून उडविता येत नाही. जुनेपणाने कृत्य निर्दोष होत नाही. ते लेख आज आपल्या उपयोगी पडतात, हा योगायोग होय. सर्वांनी त्यांचे अनुकरण केले तर वाचावयास भिंतच उरणार नाही. एवढेच उत्तर आम्हांपाशी आहे.

तेव्हा आमच्या मते सोनार व पाहुणा ह्यांतील भेद नावात नाही; नावाच्या शेजारी काय आहे, ह्यात आहे. सोनाराच्या नावाशेजारी पाणी आहे. आपल्या एखाद्या मंडळीने पाण्याची टाकी बांधिली तर देणगीदारांची पाटी खुशाल लावावी. त्यासाठी भांडू नये. मात्र टाकी बांधणाऱ्या गवंड्याचे व मजुरांचे नाव त्याच पाटीवर, त्याच अक्षरांत असावे, आणि दर वर्षी मृगापूर्वी ती टाकी कोणत्या घराने धुवावयाची, तेही खाली लिहावे.