भेटीतला तिसरा माणूस

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नाताळची भेट मूळची खाण्याचीच. डिसेंबरचा मध्य उलटला की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंका यांची गडबड सुरू होते आणि सणाला शेजारीपाजारी ताटे जातात. त्यांतली काही हिंदू घरांत पोचतात, कारण दिवाळीत तिकडून फराळ आलेला असतो. वसईतल्या आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन घरांतही अशीच देवाणघेवाण चालते. पदार्थ कोणी केला, कोणासाठी केला, हे विचारावे लागत नसे. ताटावरचे फडके पाहूनच घर ओळखू येई.

आता नोकरदार घरांत कुलकुल वळत बसायला चार हात एका वेळी मोकळे मिळत नाहीत, त्यामुळे ताटच विकत आणावे लागते. शिवाय मुलांसाठी खेळणे, मैत्रिणीसाठी पर्स आणि ऑफिसातल्या ‘सीक्रेट सॅन्टा’साठी काहीतरी हवे असते. या शेवटच्या प्रकाराने तर नाताळच्या खरेदीत सगळ्या धर्मांची माणसे ओढली गेली. मुंबईत वांद्र्याचा हिल रोड, गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि पुण्यात कॅम्प ही तिची जुनी ठिकाणे. अलीकडे बचत गटांच्या आणि कारागिरांच्या जत्रांची भर पडली आहे. पुण्याची भीमथडी जत्रा नाताळच्या सुमारासच भरते. मोबाइलवर दोन मिनिटांत उरकणारी खरेदी सोडून अशा ठिकाणी जाण्यात नैतिक असे काही आहे का, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र वस्तू हातात घेतल्याशिवाय मिळत नाही.

बेबिंकाच घ्यावी. मैदा, साखर, तूप, अंड्यांचा बलक, नारळाचे दूध आणि थोडे जायफळ, एवढेच तिचे साहित्य. पहिला थर ओतायचा, वरून आच देऊन तो तांबूस होईपर्यंत भाजायचा, त्यावर तूप सोडायचे आणि मगच दुसरा ओतायचा. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात. आच जास्त झाली तर वरचा करपतो आणि कडवटपणा सगळ्या बेबिंकात उतरतो. जुन्या पद्धतीत ही आच वर ठेवलेल्या निखाऱ्यांची. नेहमीची बेबिंका सात थरांची असते, हौशी हात सोळापर्यंत जातात. म्हणजे करणारी बाई कित्येक तास भट्टीपासून हलू शकत नाही. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळते. त्या तासांचा मोबदला मात्र गिऱ्हाईक किती मोजते यावरच ठरतो.

जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये नाताळच्या भेटींवर एक गाजलेला निबंध लिहिला. भेट देणाऱ्याने जेवढे पैसे खर्चले, त्यापेक्षा 10 टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी किंमत ती घेणाऱ्याला वाटते, असा त्याचा हिशेब होता. मधली रक्कम वाया गेली, असे त्याचे म्हणणे. भेटीमागचा जिव्हाळा त्याने मुद्दामच हिशेबाबाहेर ठेवला होता आणि त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली. पण त्या मांडणीत आणखी एकाची जागा नाही. तिथे देणारा आहे, घेणारा आहे, वस्तू घडवणारा कुठेच नाही. कारखान्यातून खोक्यात येणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हे चालून जाते, कारण तिथे घडवणारा दिसतच नाही. जत्रेतल्या गाळ्यावर तो समोर बसलेला असतो. समोर माणूस असला की व्यवहाराची नीती बदलते, आणि छोट्या दुकानातल्या खरेदीचे खरे मोल इथेच आहे.

पहिली परीक्षा भावाची. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे मोजणारा माणूस जत्रेत शिरला की त्याला ‘दोन घेतले तर कितीला?’ हे सुचते आणि पाठोपाठ ‘फायनल सांगा’ हेही. घासाघीस हा आपल्या बाजाराचा जुना रिवाज आहे आणि तो सरसकट वाईट नाही. व्यापारी व्यापाऱ्याशी भाव करतो तेव्हा दोघांनाही पडता भाव ठाऊक असतो. गाळ्यावरच्या बाईची गोष्ट वेगळी. तिने प्रवास केला आहे, शहरात राहण्याजेवणाचा खर्च केला आहे, आणि ती इथे बसली तेवढे दिवस घरचे काम बंद आहे. उरलेला माल परत न्यायचा तर भाडे पुन्हा पदरचेच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती निम्म्या भावाला तयार होते ती या अडचणीमुळे. त्या अडचणीचा फायदा उठवून घेतलेली वस्तू ‘स्वस्तात मिळाली’ असे कौतुकाने सांगणे शोभत नाही. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्यावी, भाव पाडू नये.

दुसरा मुद्दा पैसा कुठे जातो याचा. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 2002 मध्ये एका संस्थेने केलेल्या पाहणीत, स्थानिक दुकानात खर्च झालेल्या 100 डॉलरमागे 45 डॉलरचा फायदा शहराला होतो आणि साखळी पुस्तकदुकानात फक्त 13 डॉलरचा, असे आढळले. ही पाहणी करवून घेणाऱ्यांत स्थानिक दुकानदारच होते, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेत नाताळच्या आधी छोट्या दुकानांतून खरेदी करण्याचा खास शनिवार 2010 पासून पाळला जातो. तो सुरू केला एका मोठ्या क्रेडिट कार्ड कंपनीने. आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा ओळखीची आहे. गल्लीतला दुकानदार मुलाची फी त्याच गावात भरतो आणि किराणाही तिथूनच आणतो.

म्हणून ‘स्थानिक’ शब्दाला सोवळे नेसवायचे कारण नाही. अनेक छोट्या दुकानांत टांगलेल्या प्लॅस्टिकच्या चांदण्या दूरच्या कारखान्यातून आलेल्या असतात. ‘हातकाम’ अशी पाटी लावलेल्या गाळ्यावर घाऊक बाजारातला माल सर्रास दिसतो. दुकान लहान म्हणजे तिथल्या पोराला पगार नीट मिळतो, असेही नव्हे. विचारावे. हे कुठे केले, कोणी केले, किती दिवस लागले? स्वतः घडवणारा माणूस या प्रश्नांवर खुलतो, बोलता बोलता अवजारेही दाखवतो. नुसता विकणारा विषय बदलून किमतीवर येतो.

गिऱ्हाईक आटले की काय होते, हे सावंतवाडीने पाहिले आहे. तिथल्या दशावतारी गंजिफाच्या संचात 10 रंगांचे प्रत्येकी 12, असे 120 गोल पत्ते. कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, घोटून, त्यावर एकेक चित्र हाताने रंगवायचे आणि शेवटी लाखेचा लेप द्यायचा. खेळणारे संपले तसे घेणारेही संपले, आणि ही कला जाणणारे हात बोटांवर मोजण्याएवढे उरले. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ती टिकली. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळे आणि भातुकली अजून मिळतात. नाताळात लहान मुलाला देण्याजोग्या यापेक्षा बऱ्या वस्तू फार नाहीत.

मात्र हाताचे काम 20 डिसेंबरला मागून मिळत नाही. लाकूड वाळावे लागते, रंग सुकावा लागतो, बेबिंकाही एका भट्टीवर दिवसाला मोजक्याच होतात. ऐनवेळी आलेले गिऱ्हाईक कारागिराला रात्रभर जागवते किंवा दुसऱ्याचा माल आणून द्यायला लावते. कंपन्यांच्या मोठ्या ऑर्डरींचे दुखणे याहून जुने: माल डिसेंबरात उचलायचा आणि बिल होळीपर्यंत ताटकळत ठेवायचे. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. पण पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार करायला सहसा कोणी धजत नाही. तेव्हा ज्यांना कारागिराकडूनच भेट घ्यायची आहे त्यांनी ती नोव्हेंबरात सांगावी, निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत आणि उरलेले वस्तू हातात पडताच चुकते करावेत.