दोन चौकटींमधील कोरी जागा

कोणत्याहि धंद्याची परिभाषा प्रथम कानीं पडली म्हणजे ती केवळ हत्यारांची यादी वाटते. सुताराचा रंधा, गवंड्याचा ओळंबा, छापखान्यांतला खिळा, यांच्या नांवांना नीतिशास्त्राचा वास कोठून येणार? चित्रकथा, म्हणजे आपल्या घरांतलीं मुलें ज्यांना कॉमिक म्हणतात तीं पुस्तकें, रचणाऱ्यांचीहि अशीच एक परिभाषा आहे, आणि तिच्याकडे लक्ष देण्याचें सुशिक्षित वाचकास बहुधा कारण पडत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटूं लागलें आहे कीं, या परिभाषेंतील निदान एका शब्दापाशीं थांबून विचार केल्यावांचून, मुलांच्या हातीं कोणतें चित्रमय पुस्तक द्यावें व कोणतें देऊं नये या घरोघरच्या प्रश्नाचा निकाल नीट लागणार नाहीं.

परिभाषा थोडक्यांत अशी. कथेंतील एकेक क्षण ज्या रेषांच्या आंत काढलेला असतो, त्या चौकटीस पॅनेल म्हणतात. चौकटींची एक आडवी ओळ ती टिअर. पात्राचें बोलणें ज्या फुग्यांत लिहितात तो बलून. त्याला एक शेपूट असतें, आणि तें ज्याच्या तोंडाकडे वळलेलें असेल तो बोलणारा. फुग्याची कड करवतीसारखी दांतेरी असली तर पात्र ओरडत आहे, ढगासारखी असून शेपटाऐवजीं बुडबुडे असले तर तें मनांतल्या मनांत बोलत आहे, असें वाचकानें समजावयाचें. निवेदकाचें वाक्य लांबट चौकोनांत, बहुधा चित्राच्या माथ्यावर, येतें, तें कॅप्शन. एकच चित्र सारें पान व्यापून बसलें तर तो स्प्लॅश, आणि चौकट न जुमानतां चित्र कागदाच्या कडेपर्यंत पसरलें तर तो ब्लीड. एवढें समजण्यास गुरूची गरज नाहीं. सात वर्षांचें पोर तें न शिकवतां शिकतें.

उरला एक शब्द. दोन चौकटींमध्यें जी कोरी पट्टी सुटलेली असते, तिला गटर म्हणतात. मराठी कानास हा शब्द रुचणार नाहीं, पण मुद्रकाच्या भाषेंत समोरासमोरच्या दोन पानांमधील शिवणीकडच्या मोकळ्या जागेसहि हेंच नांव आहे, आणि त्यांत कांहीं घाण नाहीं. या पट्टींत एक रेषाहि काढलेली नसते. तरी कथेचा केवढा तरी भाग येथेंच घडतो. एका चौकटींत मनुष्य दाराच्या कडीला हात घालतो, पुढच्या चौकटींत तो रस्त्यानें चालत असतो. दार उघडलें कोणीं? जिना उतरलें कोण? चित्रकारानें तें दाखविलें नाहीं. वाचकानें तें मनांत उरकून टाकलें, आणि आपण कांहीं केलें याची त्याला दादहि नाहीं. आमच्याकडील चित्रकथीची गोष्ट निराळी. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीचे ठाकर रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं सुटीं चित्रें पोथीच्या क्रमानें एकामागून एक दाखवितात. तेथेंहि दोन चित्रांमध्यें अंतर असतें. पण तें गाणाऱ्याचा आवाज व वाद्यांचा नाद यांनीं भरून निघतें, आणि श्रोत्यानें काय समजावें हें सांगणारा माणूस समोर बसलेला असतो. छापील चित्रकथेच्या पट्टींत असें कोणी बसलेलें नाहीं. तेथें वाचक एकटा असतो.

अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्क्लाउड यानें १९९३ सालीं ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या ग्रंथांत (हा ग्रंथ स्वतःच चित्रकथेच्या रूपांत आहे) या एकांतांतील नीतीचा प्रश्न काढला. पहिल्या चौकटींत एक इसम दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारतो. दुसऱ्या चौकटींत रात्रीचें शहर आणि त्यावर एक किंकाळी. खून कोठेंच काढलेला नाहीं. ग्रंथकाराचें म्हणणें असें कीं, कुऱ्हाड उगारण्यापुरता चित्रकार जबाबदार. घाव कसा बसला, किती जोरानें बसला, हें ज्याच्या त्याच्या मनानें ठरविलें, आणि म्हणून प्रत्येक वाचक त्या कृत्याचा भागीदार आहे. मनाच्या या क्रियेला तो क्लोजर म्हणतो; आपण तिला पूर्ति म्हणूं.

हा विचार चमकदार आहे खरा, पण तो जसाच्या तसा स्वीकारण्यास आमचें मन तयार होत नाहीं. परीक्षेंत गाळलेल्या जागा भरावयास सांगतात तेव्हां शब्द लिहितो विद्यार्थी. परंतु मागचेपुढचे शब्द असे योजलेले असतात कीं, तेथें दुसरा शब्द बसूंच नये. मग त्या शब्दाचा कर्ता विद्यार्थी कीं परीक्षक? उगारलेली कुऱ्हाड आणि किंकाळी यांच्या मध्यें खुनाखेरीज काय बसणार? अश्वत्थामा मेला एवढें धर्मराजानें मोठ्यानें सांगितलें, हत्तीचा उल्लेख हळू आवाजांत केला, आणि पूर्ति केली ती द्रोणाचार्यांच्या पुत्रस्नेहानें. तरी जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा जो रथ खालीं टेकला, तो धर्मराजाचा. द्रोणाचार्यांस कोणीं भागीदार म्हटलें नाहीं. जागा कोरी सोडली एवढ्यानें सोडणारा सुटत नाहीं.

हाच वाद अमेरिकेंत एकदां प्रत्यक्ष चौकशीपुढें आला. बालगुन्हेगारीचा तपास करणाऱ्या सेनेटच्या उपसमितीसमोर २१ एप्रिल १९५४ रोजीं, न्यूयॉर्क येथें, ई. सी. कॉमिक्सचा प्रकाशक विल्यम गेन्स साक्षीस उभा राहिला. सेनेटर कीफॉव्हर यांनीं त्याच्या ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’चें एक मुखपृष्ठ पुढें धरलें: पुरुषाच्या एका हातांत रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातांत केसांनीं धरलेलें स्त्रीचें तुटलेलें मस्तक. हें सुरुचीस धरून आहे काय, असा प्रश्न झाला. भयकथेच्या मुखपृष्ठापुरतें आहे, असें गेन्सनें उत्तर दिलें. आणि सुरुचीचा भंग केव्हां झाला असता याचा मासला म्हणून सांगितलें कीं, तें डोकें जरा वर धरून मानेंतून ठिबकणारें रक्त दाखविलें असतें तर तो झाला असता. या उत्तरानें त्याचा पक्ष बुडाला. पण हंसण्यापूर्वीं आपण हें ध्यानांत घ्यावें कीं, तो कारागिराच्या भाषेंत खरेंच बोलत होता. चित्र काढणारा प्रत्येक जण, चौकटीची कड कोठें पाडावयाची, काय आंत घ्यावयाचें व काय बाहेर ठेवावयाचें, हाच हिशेब करीत असतो. गेन्सची चूक एवढीच कीं, कडेच्या बाहेर राहिलें तें दाखविलेंच नाहीं, असें तो धरून चालला. कडेखालची मान तर प्रत्येक पाहणाऱ्यानें आपल्या मनानें पुरी केलीच होती.

त्याच्या विरुद्ध पक्षाची दृष्टि तरी याहून खोल होती काय? त्याच वर्षीं ऑक्टोबरांत प्रकाशकांच्या मंडळानें कॉमिक्स कोड नांवाची नियमावली स्वीकारली. तिचा अंमल, उत्तरोत्तर शिथिल होत, २०११ पर्यंत चालला. मूळ नियमांत असें एक कलम होतें कीं, मुखपृष्ठावरील ‘क्राइम’ हा शब्द शीर्षकांतील इतर शब्दांहून लक्षांत येण्याइतक्या मोठ्या अक्षरांत छापूं नये. गुन्ह्यास हरकत नाहीं, टाइप मात्र लहान हवा! गेन्सनें नीति इंचांनीं मोजली, आणि त्याला धडा शिकवूं पाहणाऱ्यांनीं ती टाइपाच्या आकारानें मोजली.

या मोजमापाचें फळ लवकरच दिसून आलें. अल फेल्डस्टीननें लिहिलेली व जो ऑर्लँडोनें चितारलेली ‘जजमेंट डे’ ही कथा ई. सी.नें १९५३ सालीं एकदां छापली होती. पृथ्वीवरून एक परीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. तेथील नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हलक्या वस्तींत ठेवतात, वाहनांत मागें बसवितात; वस्तुतः दोघांच्या घडणींत वरच्या कवचाच्या रंगाखेरीज भेद नाहीं. हें सारें पाहून तो निकाल देतो कीं, हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकांत येण्यास अद्याप लायक नाहीं. कथाभर त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें, आणि फुग्याचें शेपूट त्या शिरस्त्राणाकडे वळलेलें असतें. शेवटच्या चौकटींत, यानांत परतल्यावर, तो तें काढतो. तो कृष्णवर्णी मनुष्य आहे.

येथें मॅक्क्लाउडचें म्हणणें आम्हांस पूर्णपणें पटतें. शिरस्त्राणाच्या आंत कोणताहि चेहरा बसला असता. ही जागा एकाच शब्दाची नव्हती. त्या काळच्या अमेरिकन वाचकांपैकीं बहुतेकांनीं तेथें गोरा चेहरा बसविला असेल, तर तो त्यांचा त्यांनींच बसविला. चित्रकारानें तिकडे बोटहि दाखविलें नव्हतें. कोणी म्हणेल, हा वाचकास लावलेला सांपळा झाला. असेल, पण कुऱ्हाडीच्या चित्रांत वाचक केवळ ओढला जातो, येथें तो स्वतःला सांपडतो. आणि हा प्रश्न अमेरिकेपुरता नाहीं. एखाद्या गोष्टींत पाठमोरा न्यायाधीश दिसला, किंवा हात तेवढे दाखवून झाडूवाला काढला, तर आपण त्याला कोणता चेहरा आणि कोणतें आडनांव देतों, हें ज्यानें त्यानें आपल्या मुलांच्या देखत एकदां तपासून पाहावें. छापील पानावर त्याचा पुरावा कोठेंच मिळणार नाहीं.

कोडच्या प्रशासकांनीं तो पानावरच शोधला. न्यायाधीश चार्ल्स मर्फी हे त्या जागीं होते. १९५६ च्या आरंभींच्या ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या ३३ व्या अंकांत ती कथा पुन्हा छापण्याचें ठरलें, तेव्हां हा मनुष्य काळा असतां कामा नये, असा त्यांनीं आक्षेप घेतला. मग कथेंत उरतें काय, असें विचारल्यावर, निदान त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंब तरी पुसावेत, असें सुचविण्यांत आलें. गेन्सनें तें ऐकलें नाहीं. कथा घामाच्या थेंबांसकट जशीच्या तशी निघाली. ई. सी.च्या रंगीत कॉमिकांपैकीं तो शेवटचा अंक.