पब्लिक काय म्हणतंय?

कळंब, जि. धाराशिव

चि. मनीषास,


फोन न करता पत्र लिहायला बसलो, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि पुढचं काही ऐकत नाहीस. मामी म्हणते, आजकाल कोण पत्र लिहितं? म्हटलं, लिहू दे, पोरगी निदान दोनदा वाचेल.

इकडं सगळं बरं आहे. शेळीला जोड पिल्लं झाली, दोन्ही माद्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी तिची जात अजून उस्मानाबादीच. मामीचा गुडघा तसाच आहे. सोयाबीनचं विचारू नकोस.

आता खरं बोलतो. परवा तुझ्या आईचा फोन आला. तू कुठल्याशा ऐतिहासिक सिनेमाला दोन तारे दिलेस, आणि मग अनोळखी पोरांनी तुला नको नको ते लिहिलं. तू रात्री जेवली नाहीस म्हणे. बाळा, असल्यापायी उपाशी झोपायचं नसतं. आणि त्यांना उत्तरं देत तर मुळीच बसू नकोस. तिकीट काढायच्या आधीच ज्याचे पाच तारे ठरलेले असतात, त्याला सिनेमाबद्दल बोलायचंच नसतं, त्याला भांडण हवं असतं. शिव्या फार झाल्या तर आईला आणि पोलिसांना दाखवायच्या, मनात साठवायच्या नाहीत. तुझं मत मागं घेऊ नकोस. आवडला नाही तर नाही आवडला, त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण मने, तू लिहिलेलं तुझ्या आईनं मला वाचूनही दाखवलं. "बकवास. दोन तारे. पैसे वाया." एवढंच. काय बकवास? गोष्ट, बोलणं, लढाया की गाणी? मला त्यातून सिनेमाचं काहीच कळलं नाही, तुझंही काही कळलं नाही. माझी काळजी त्या पोरांपेक्षा याची जास्त आहे.

मी टॉकीजच्या दारावर किती वर्षं काढली ते तुला माहीत आहे. हातात बॅटरी, खिशात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे. सिनेमाची पेटी यष्टीच्या टपावरून यायची, रिक्षा भोंगा लावून गावभर फिरायची आणि शुक्रवारी पहिला खेळ लागायचा. खेळ सुटला की मालक गल्ल्यावरून हाक मारायचे, "काय म्हणतंय पब्लिक?" त्यांना आकडा नको असायचा, आकडा त्यांच्या गल्ल्यातच होता. मी सांगायचो, इंटरव्हलपर्यंत गप होते, मग चुळबुळ सुरू झाली. किंवा, हिरॉईनचा बाप मेला तिथं बाया रडल्या, पण फायटिंगला पोरं मुतायला बाहेर. किंवा, चार जण विचारून गेले उद्या हाच आहे का. मालक तेवढ्यावर ठरवायचे, आठवडा ठेवायचा की पेटी पुढच्या गावाला धाडायची. आता त्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालंय. परवाच्या लग्नात नवरदेव बसला होता बघ, तिथं आपला पडदा होता.

दार उघडून बाजूला उभं राहिलं की माणसाचं मत तोंडाआधी चेहऱ्यावर दिसायचं. 1991 ला 'माहेरची साडी' आला तेव्हा खेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया यायच्या. सुटल्यावर पदरानं डोळे पुसत निघायच्या, आणि दारातच एकमेकींना आपापल्या सासूचं सांगायला लागायच्या. पुढच्या खेळाची गर्दी खोळंबलेली, मी ओरडतोय "बाई, सरका पुढं", आणि यांचं सुरूच. आता तू सांग, हे पाचपैकी किती? त्याच्या आधी, 1975 ला, 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा तर लोक चपला काढून बसायचे, पडद्यावर नाणी आणि फुलं टाकायचे. त्यांना तारे मागितले असते तर त्यांनी हात जोडले असते. त्याच वर्षी 15 ऑगस्टला 'शोले' आला. पहिल्या आठवड्यातच मुंबईच्या जाणत्यांनी तो पडला म्हणून सांगून टाकलं होतं. मग लोकांनी लोकांना सांगितलं आणि मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजला तो पाच वर्षं चालला.

म्हणून पब्लिकचं नेहमी खरंच असतं असं म्हणत नाही मी. 1959 ला गुरुदत्तचा 'कागज के फूल' याच पब्लिकनं पाडला. त्यानंतर त्या माणसानं दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही. आज तोच सिनेमा तुमच्या कॉलेजात शिकवतात. पहिल्या शुक्रवारचं मत हे पहिल्या शुक्रवारचंच असतं. तुझंही.

'सैराट' आठवतो का? 2016 चा उन्हाळा, तुझी दहावी नुकतीच झालेली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते, आपल्याकडं टँकरपुढं घागरींच्या रांगा. 29 एप्रिलला तो लागला आणि तुम्ही पोरांनी जीव खाल्ला म्हणून जीप करून आपण सगळे बार्शीला गेलो. त्यातला हिरो परशा पळत येऊन विहिरीत उडी मारतो ना, तिथं आपल्या मागच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आरं, हिरीला पाणी तर बघा किती!" सगळी रांग हसली. त्याला उडीशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला पाणी दिसलं. मला विचारशील तर त्या उन्हाळ्यात त्या सिनेमाबद्दल कुणी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य ते. 'झिंगाट' गाण्याला खुर्च्यांवर उभी राहून नाचणारी पोरं शेवटी लाइट लागले तरी उठेनात. पडद्याला आवाज नाही, फरशीवर परशाच्या लेकराची रक्ताची पावलं. येरमाळा येईपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही. मग तुझी आजी म्हणाली, "त्या लेकराला आता कोण सांभाळंल?" सबंध सिनेमावर तिचं मत एवढंच. तू त्या वेळी मागं बसून तोंड फिरवून रडत होतीस, मी आरशात बघितलं होतं. तीच तू आज "बकवास" एवढ्या एका शब्दात काम उरकतेस, म्हणून मला चुटपुट लागते.

आणि 'सैराट' काढणाऱ्याचाच आधीचा सिनेमा, 'फँड्री'. तो नागराज मंजुळे कुणी लांबचा नाही, आपल्या परंड्याला लागून करमाळा, तिथला. तू तुझ्या दादाला कळवलंस, "संथ आहे, अडीच." संथ म्हणालीस त्याला माझी हरकत नाही, कुठं कुठं आहेच. पण शाळेजवळ ते डुक्कर धरायला सगळं कुटुंब पळतंय, आता हाताला लागणार, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. बाप, आई, बहिणी, पोरगा जब्या, सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर समोरून निघून जातंय आणि कुणाला हलता येत नाही. ते तू बघितलंस ना? मग अडीच लिहिण्याआधी ते लिही. वाचणाऱ्याला हसू येतं की पोटात कालवतं हे त्याचं त्याला ठरवू दे. त्यानंतर खुशाल अडीच दे, मी भांडायला येणार नाही.

दादानं मला त्या आकड्यांची मेख समजावून सांगितली. कुठं दहापैकी देतात, कुठं पाचपैकी, कुठं टक्के. त्यातले टक्के म्हणे किती जणांना बरा वाटला ते सांगतात, किती बरा वाटला ते नाही. म्हणजे शंभरातल्या नव्वदांनी "ठीक आहे" म्हटलं तरी नव्वद! मला तर वाटलं पोरगा मेरिटला आला. आणि काही टोळ्या तर न बघताच एक किंवा दहा दाबत बसतात, म्हणून दहापैकी देणाऱ्या त्या मोठ्या ठिकाणी सरासरीही सरळ काढत नाहीत, तोलूनमापून काढतात. मग असल्या खिचडीत तुझा दोनाचा आकडा पडून कुणाला काय चव लागणार? तुझं एक नीट वाक्य मात्र तुझ्या मावशीला, तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींना, आम्हा सगळ्यांना कामाचं आहे. घरात सिनेमा बघायचा की नाही हे आता तुला विचारून ठरतं, तुला ते ठाऊक आहे का? मागच्या महिन्यात मामीला एक मराठी सिनेमा बघायचा होता. तुझा निरोप आला, "थेटरात जाऊ नका, मोबाइलवर येईलच." ती गेली नाही. तिच्या तीन जावा, दोन शेजारणीही गेल्या नाहीत.

मराठी सिनेमाचं मरण तिथंच असतं, पोरी. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवसांत खुर्च्या भरल्या तर भरल्या, नाहीतर सोमवारपासून खेळ कमी. 2015 ला सरकारला सांगावं लागलं की मल्टिप्लेक्सनं दुपारी बारा ते रात्री नऊच्या आत मराठी सिनेमा दाखवावा. सिनेमा वाईट असेल तर वाईटच म्हण, मराठी आहे म्हणून खोटं बोलू नकोस. फक्त स्वतः बघून म्हण. मामीला बघायचा होता तो तू बघितलाच नव्हतास, तुझ्या मैत्रिणीनं सांगितलेलं पुढं ढकललं होतंस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. ते मला आवडलं नाही, स्पष्ट सांगतो.

बरं, रागावू नकोस. मामीचं एक सांगतो, तुला माहीत नसेल. 2023 ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा गावोगावच्या बायका नटूनथटून घोळक्यानं निघाल्या होत्या. आपल्या गल्लीतल्याही लातूरला गेल्या, मामी नऊवारी नेसून. रात्री आली, मी विचारलं, "कसा होता?" म्हणाली, "लांबला जरा." बस्स. वाटलं, आवडला नाही. सकाळी उठून बघतो तर ओट्यावर बसून फोन लावतेय तिच्या धाकट्या बहिणीला. आईच्या पाटल्यांवरून दोघी किती दिवस बोलत नव्हत्या, तुला ठाऊक आहे. पहिली पाच मिनिटं नुसतं पाऊसपाणी. मग म्हणाली, "मंगळागौरीचा सिनेमा आलाय, तू बघ, मग मला सांग." सहा बहिणींचा सिनेमा तो. पाटल्यांचा विषय अजून निघालेला नाही, पण दर रविवारी फोन असतो आता. मी दारावर असतो आणि मालकांनी विचारलं असतं, तर त्यांना हेच सांगितलं असतं.

तुझं वय आहे मतं मांडायचं, मांड. पण सिनेमा संपत नाही तोवर फोन खिशातच ठेवत जा. बघायच्या आधी दुसऱ्याचे तारे बघत जाऊ नकोस, मग आपल्या डोळ्यांनी बघणं होत नाही. एखादा नाही कळला तर "मला नाही कळला" लिहायला लाजू नकोस. आणि कुणाला तुझा आवडता सिनेमा आवडला नाही तर त्याच्या तोंडाला तोंड देऊ नकोस. तू पण तेच केलंस तर तुझ्यात आणि त्या पोरांत फरक काय राहिला? तुझ्या आजीला 'पिंजरा' आवडायचा नाही, मला जीव की प्राण. जन्मभर एका घरात राहिलो, वाद घातला, भाकरी एकत्र खाल्ली.

आता तू एक कर. तो दोन ताऱ्यांचा ऐतिहासिक सिनेमा मला पत्रानं सांग. पहिल्यापासून. कुठं कंटाळलीस, कुठं बरा वाटला, शेजारच्या खुर्चीतलं माणूस काय करत होतं, इंटरव्हलला लोक काय बोलत होते. मी तो बघणार आहे, पण तुझं पत्र आल्यावर. आकडा लिहिलास तर मी तो खोडून मग वाचीन.

परवा भूमहून कुंथलगिरीचा पेढा आणलाय. पुण्याच्या गाडीनं शेजारचा पोरगा येतोय, त्याच्याकडं देतो. सगळे एकटीनं खाऊ नकोस, मैत्रिणींना दे. जेवत जा वेळेवर. रात्री उशिरा खेळ सुटला तर एकटी रिक्षात बसू नकोस, आधी आईला गाडीचा नंबर कळवायचा, मग बसायचं.

तुझा,
मामा

ता.क. स्टीलचा डबा मामीचा आहे, तिच्या माहेरचा. मागचाही अजून आला नाही. दोन्ही परत पाठव, नाहीतर ती मला बोलते.