चित्राचे दान, रुग्णाचा मान



१८ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत लूकचा सण साजरा करते. संत पौलाने आपल्या पत्रात त्याचा उल्लेख वैद्य म्हणून केला आहे. पवित्र मरियामातेचे पहिले चित्र त्यानेच रेखाटले, अशीही जुनी परंपरा आहे. म्हणून संत लूक डॉक्टरांचा आश्रयदाता संत आहे, तसाच तो चित्रकारांचाही आहे. दवाखाना आणि चित्र यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न कोणाला पडेल. गेल्या महिन्यात हाच प्रश्न आपल्या धर्मग्रामात उभा राहिला. त्यावर आज थोडे मनन करू या.

आपल्यातील एक कुटुंब आम्हाला भेटायला आले. घरातील वडील देवाघरी गेले. त्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांना चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःसाठी चित्रे काढली. पावसातले शेत, विहिरीवरचा रहाट, केळीची वाडी, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, मिस्साहून परतणाऱ्या बाया. अशी बावीस जलरंगातील चित्रे कपाटात जपून ठेवलेली होती. मुलांची इच्छा अशी की, ही चित्रे सिस्टरांच्या दवाखान्याला आणि वृद्धाश्रमाला द्यावीत. वडिलांचे अखेरचे दिवस खाटेवर गेले होते. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहून ते कंटाळत, ही आठवण मुलांच्या मनात होती.

आम्ही हा विषय पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला. तेव्हा एक सभासद म्हणाले, "फादर, दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्या पुरत नाहीत. चित्रे विकू या आणि त्या पैशांतून औषधे आणू या. भिंत रंगवून आजार बरा होत नाही." हे सद्गृहस्थ दर महिन्याला स्वतःच्या स्कूटरवरून गरजू कुटुंबांना धान्य पोहोचवतात. त्यांच्या बोलण्यामागे कळकळ होती. त्यामुळे त्यांना झटकून टाकता येईना आणि आमच्याकडे तयार उत्तरही नव्हते.

त्यांचा आक्षेप शुभवर्तमानाइतका जुना आहे. बेथानी येथे मरियेने प्रभू येशूच्या पायांना मौल्यवान सुगंधी तेल लावले. ते तीनशे दिनारांना विकता आले असते, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची मजुरी. हे पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे यहूदाने विचारले. त्याचा हेतू शुद्ध नव्हता, हे संत योहान आपल्याला सांगतो. पण संत मत्तयच्या शुभवर्तमानात सर्वच शिष्य कुरकुर करतात. म्हणजे हा प्रश्न फक्त लबाडांचा नाही, तो प्रामाणिक माणसांचाही आहे. प्रभूने त्या बाईचे दान स्वीकारले. मात्र म्हणून गरिबांना विसरा, असे त्याने कोणालाही सांगितले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी दयेच्या कृत्यांचा विचार करताना या गाठीला हात घातला आहे. ते म्हणतात की, आत्म्याला दिलेले दान हे शरीराला दिलेल्या दानापेक्षा मुळात श्रेष्ठ आहे. परंतु प्रसंग पाहावा लागतो. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाला आधी जेवू घालावे, शिकवण नंतर. सेमिनरीत आम्ही हे वाचले तेव्हा ते सोपे वाटले होते. आज त्याचा अर्थ असा दिसतो : दवाखान्यात गोळी हवी असेल आणि एकतर गोळी किंवा चित्र एवढीच निवड असेल, तर गोळी आधी. यात शंका नसावी.

पण निवड खरोखर तेवढीच असते का? आपल्या गुरुजींचे नाव बाजारात नाही. बावीस चित्रे विकून जे पैसे येतील त्यात काही आठवड्यांच्या गोळ्या येतील. गोळ्यांसाठी आपल्याला दर महिन्याला खिशात हात घालावाच लागेल आणि तो घालायला चित्रे आड येत नाहीत. आपल्या घरी आपण औषधही आणतो आणि भिंतीवर तसबीरही लावतो. या दोन गोष्टींचे भांडण आपल्याला कधी दिसत नाही. ते फक्त गरिबाच्या खोलीत शिरल्यावर दिसते. गरिबाला गरजेपुरतेच मिळावे, सुंदर ते आपल्यासाठी, अशी एक वाटणी आपण नकळत केलेली असते. ती तपासून पाहायला हवी. रुग्ण म्हणजे दुरुस्तीला टाकलेले यंत्र नव्हे. त्याला डोळे आहेत, आठवणी आहेत आणि दिवसाचे चोवीस तास आहेत. निरोगी माणसापेक्षा त्याला ते अधिक लांब वाटतात.

याबाबत इतिहासातील दोन उदाहरणे विचार करायला लावतात.

लंडनमध्ये सेंट बार्थोलोम्यू हे ११२३ साली स्थापन झालेले हॉस्पिटल आहे. विल्यम होगार्थ हा चित्रकार त्याच्या शेजारच्याच वस्तीत जन्मला. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीतील जिन्याच्या भिंतींसाठी चित्रे हवी होती. ते काम एका इटालियन चित्रकाराकडे जाणार असे कळताच होगार्थने ते स्वतः, एकही पैसा न घेता करून देण्याची तयारी दाखवली. १७३६ आणि १७३७ साली त्याने दोन भव्य चित्रे पूर्ण केली : एक बेथेस्दाच्या तळ्याचे, दुसरे चांगल्या शोमरोन्याचे. तळ्याकाठच्या आजाऱ्यांचे रोग डॉक्टरांना ओळखता येतील इतक्या बारकाईने ते रंगवले आहेत. दान मोठे होते. त्यात थोडी ईर्षाही होती. परकीयाला हा मान का मिळावा, ही भावना होती. आपल्यापैकी कोणाचे दान संपूर्ण निर्मळ असते? हेतूत थोडा गाळ असला म्हणून दान वाया जात नाही. देव त्यातूनही पाणी पाजतो. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो जिना हॉस्पिटलच्या मोठ्या सभागृहाकडे जातो. तिथे प्रामुख्याने विश्वस्तांची आणि देणगीदारांची ये-जा असे. आजाऱ्यांचे चित्र लागले, पण ते खाटेवरच्या आजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते.

दुसरे उदाहरण त्याहून दोनशे वर्षे जुने आहे. आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सेस प्रांतातील इसेनहाइम या गावी संत अंतोनीच्या नावाने चालणारा मठ होता. तेथील संन्यासी एका भयंकर रोगाच्या रुग्णांची सेवा करीत. विषारी बुरशी लागलेल्या राय नावाच्या धान्याची भाकरी खाल्ल्याने हा रोग होई. अंगाची आग होई, हातपाय काळे पडून सडत आणि कापावे लागत. कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. या मठाच्या प्रमुखांनी ग्रूनेवाल्ड या चित्रकाराकडून सुमारे १५१२ ते १५१६ या काळात वेदीसाठी चित्रे करून घेतली. क्रूसावरच्या प्रभूचे अंग त्यात जखमांनी आणि काट्यांनी भरलेले आहे. त्वचेचा रंग पार उतरला आहे. निरोगी माणसाला ते पाहवत नाही. पण ते आधी निरोगी माणसासाठी काढलेच नव्हते. रुग्णांना त्या वेदीसमोर आणले जाई. ज्याच्या जवळ यायला आप्तही कचरत, त्याने मान वर केली की त्याला दिसे : देवाच्या पुत्राचे अंग माझ्यासारखेच आहे. औषध नव्हते अशा काळात हे केवढे सांत्वन! आज ही चित्रे जवळच्या कोलमार शहरातील संग्रहालयात आहेत.

दोन्ही चित्रे थोर आहेत. आम्हाला त्यांच्यात गुणांची स्पर्धा लावायची नाही. पण दान करणाऱ्याने विचारायचा प्रश्न या दोहोंच्या मधोमध सापडतो : हे चित्र कोणाच्या डोळ्यांसाठी आहे?

चित्रांमुळे पैसाही उभा राहतो, हे खरे आहे. होगार्थनेच लंडनच्या अनाथ बालकांच्या संस्थेला आपली चित्रे दिली आणि इतर चित्रकारांनाही द्यायला लावली. ती पाहायला श्रीमंत लोक येऊ लागले आणि देणग्या वाढल्या. संगीतकार हँडेल १७५० पासून तेथे मुलांच्या मदतीसाठी आपल्या 'मसीहा'चे कार्यक्रम करीत असे. डोळ्यांना दिसणाऱ्या हिरवाईचा शरीरावर परिणाम होतो, असेही संशोधक सांगतात. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका हॉस्पिटलमधील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. हा अभ्यास खिडकीचा होता, चित्राचा नव्हे. तरी समोर काय दिसते याला अर्थ आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

मात्र केवळ फायद्यावर आपण हा प्रश्न सोडवू नये. फायदा झाला तरच रुग्णाला सुंदर वस्तू द्यायची, असे म्हटले तर आपण पुन्हा त्याच हिशेबाच्या वहीकडे वळतो. दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली वस्तू आणि प्रत्येक दानाच्या आधी दिलेली पहिली गोष्ट म्हणजे प्रेम, असे संत थॉमस यांचेच सांगणे आहे. वस्तू त्याच्या मागून जाते. प्रेम गेले नसेल, तर वस्तू पोहोचते, दान पोहोचत नाही.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्ही वेदीवरून आवाहन केले की, वृद्धाश्रमासाठी घरातील पवित्र चित्रे आणून द्या. दोन रविवारांत साठाहून अधिक तसबिरी जमल्या. काहींच्या काचा तडकलेल्या होत्या, काहींना वाळवी लागली होती, काही तर गेल्या वर्षीची कॅलेंडरे होती. पवित्र चित्र फेकायचे कसे, या भीतीने घरात पडून राहिलेले सारे वृद्धाश्रमाच्या नावाने बाहेर निघाले. आम्ही ते टेम्पोत भरले आणि समाधानाने नेऊन पोहोचवले. तेथील सिस्टरांनी हसून स्वागत केले, चहा दिला. निघताना त्यांनी हळू आवाजात विचारले, "फादर, यातले कुठले चित्र तुम्ही तुमच्या खोलीत लावले असते?"

आम्ही गप्प राहिलो. परतीच्या वाटेवर विधवेच्या दोन दमड्या आठवल्या. तिने आपल्या कमताईतले दिले होते, आम्ही आपल्या अडगळीतले. ज्याच्याकडे नाकारण्याची ताकद नाही, त्याला आपण काहीही देऊ शकतो. म्हणूनच त्याला देताना अधिक जपायला हवे.

तेव्हा आपल्या गुरुजींच्या चित्रांचे काय करावे? आम्ही कुटुंबाला घेऊन सिस्टरांकडे गेलो आणि देण्याआधी विचारले. सिस्टरांनी आम्हाला पुरुषांच्या खोलीतील एका रिकाम्या खाटेवर आडवे व्हायला सांगितले. आडवे झाल्यावर कळले, आम्ही जिथे चित्र लावणार होतो, ती जागा उभ्या माणसासाठी होती. खाटेवरून तिथे फक्त ट्यूबलाइटची चकाकी दिसत होती. समोरच्या भिंतीवर, बऱ्याच खाली, चित्र लागायला हवे होते. पाहुण्यांना ते विचित्र दिसेल. दिसू द्या.

आणखी दोन गोष्टी ठरल्या. पहिली नावाची पाटी. मुलांना वडिलांचे नाव असावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि गुरुजींनी चित्रांच्या कोपऱ्यात सही केलेलीच आहे. तेवढी पुरे. देणाऱ्यांची नावे वेगळ्या पाटीवर नकोत, असे मुलांनीच सांगितले. दुसरी गोष्ट विषयाची. दवाखान्यात सर्व धर्मांचे लोक येतात. सिस्टरांचा क्रूस दाराशी आहे आणि तो तिथेच राहील, कारण ते त्यांचे घर आहे. पण आजारी माणसाच्या असहायतेचा उपयोग करून आपण चित्रातून त्याला काही पटवायला जाऊ नये. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला पट्टी बांधताना त्याचा धर्म विचारला नाही. रहाट, शेत आणि होडी ही सर्वांची आहेत आणि देवाने केलेली सृष्टी आपली साक्ष आपणच देते.

आठ चित्रे दवाखान्यात लागतील, सहा वृद्धाश्रमात. बाकीची आठ घरातच राहावीत असे आम्ही सुचवले. वडिलांची आठवण रिकामी करून दान करण्याची गरज नाही. आणि गोळ्यांचा प्रश्न उठवणाऱ्या आमच्या सभासदांचे म्हणणे आम्ही सोडून दिलेले नाही. येत्या रविवारपासून मिस्सानंतर दाराशी दवाखान्याच्या औषधांसाठी वेगळी पेटी ठेवली जाईल. चित्र लावून गोळीची जबाबदारी टळत नाही आणि गोळी देऊन माणसाकडे पाहण्याची जबाबदारीही टळत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे काही देण्याजोगे असेल, तर आधी आपल्या आजारी आईच्या खाटेसमोर ते लावून पाहावे. तिथे शोभले, तर ते खुशाल आणावे.

संत लूकच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या सर्व रुग्णांना धीर देवो आणि आपल्या हातांना देण्याची रीत शिकवो.

आपले धर्मगुरू