पिंजरा आणि पलायन

गेल्या उन्हाळ्यांत एके दिवशीं सकाळीं आमच्या घरांत मोठी धांदल उडाली. माझ्या दहा वर्षांच्या पुतणीनें शहरांतून हौसेनें आणविलेला हॅम्स्टर पिंजऱ्यांत नव्हता. दाराची कडी लावलेली होती, वाटींतले दाणे जागच्या जागीं होते. मात्र तळच्या लाकडी फळीच्या कोपऱ्याला रुपयाहून थोडें मोठें भोंक पडलें होतें. जाफराबादेसारख्या तालुक्याच्या गांवीं लोक उंदीर धरण्याकरितां सापळा विकत घेतात. तेथें उंदराच्याच गोतांतला एक जीव पाळण्याकरितां पिंजरा विकत घेतला, ह्याचें शेजाऱ्यांना आधींच हसूं येत होतें. तो पळाल्याचें कळतांच त्यांच्या विनोदाला भरतें आलें.

अशा वेळीं शोधाशोध करण्यांत अर्थ नसतो. हा प्राणी निशाचर. दिवसा कोठेंतरी अंधारांत निजून राहतो. खोल्यांचीं दारें लावावीं, मांजराला बाहेर घालवावें, भिंतीच्या कडेला दाणे ठेवून भोंवतीं ज्वारीचें पीठ पसरावें आणि दिवा मालवून गप्प बसावें. दुसऱ्या रात्रीं पिठांत इवलीं पावलें उमटलीं, तीं धान्याच्या कोठीमागें गेलीं होतीं. तेथें महाशय सांपडले. गालांच्या पिशव्यांतून वाहून नेलेल्या ज्वारीची त्यांनीं एक लहानशी रासच घातली होती. जर्मन भाषेंत साठा करून ठेवण्याला ह्या प्राण्याच्या नांवावरूनच क्रियापद पडलें आहे, तें उगाच नव्हे.

पुढें तो पळूं नये म्हणून काय करावें, हें कोणीहि सांगेल. लाकडाचा तळ नको, गजांमधील अंतर बोटाहून कमी असावें, दाराला दुहेरी कडी असावी. परंतु नवा पिंजरा आणण्याचें ठरत असतां माझ्या मनांत निराळाच प्रश्न आला. ज्याला वेळेवर दाणा मिळतो, ज्याला मांजराचें भय नाहीं, त्यानें रात्रभर खपून फळी कां कुरतडावी?

ह्या प्राण्याचा पूर्वेतिहास पाहिला तर प्रश्नाची धार वाढते. १९३० सालीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी ह्यांनीं सीरियांतील अलेप्पो शहराजवळ एका गव्हाच्या शेतांत खणून घेतलें, तेव्हां सुमारें आठ फूट खोलीवर एक मादी व तिचीं अकरा पिलें मिळालीं. पाळीव सोनेरी हॅम्स्टरांपैकीं जवळजवळ सर्व त्या एका घरट्याचे वंशज होत. त्या पिलांपैकीं कांहींनीं जेरुसलेमला आणल्यावर पिंजऱ्याचा लांकडी तळ कुरतडून पळ काढला होता! जीं राहिलीं त्यांची संतति जगभर पसरली. म्हणजे बंदिवासांत नव्वदाहून अधिक वर्षें गेलीं, असंख्य पिढ्या झाल्या, ज्यांनीं मोकळें शेत कधीं पाहिलें नाहीं अशांच्या पोटीं अशीच पिलें जन्मलीं. आणि तरी फळी दिसली कीं दांत चालूं लागतात.

दांत सतत वाढत असल्यानें कांहींतरी कुरतडणें त्याला प्राप्तच आहे, असें कोणी म्हणेल. तें खरेंहि आहे, पण पुरतें नाहीं. बर्न येथील संशोधकांनीं निरनिराळ्या आकारांच्या पिंजऱ्यांत हे प्राणी ठेवून २००७ सालीं असें दाखविलें कीं, पिंजरा लहान असेल तर गज कुरतडणें अधिक, मोठा असेल तर कमी. तळाशीं भुशाचा दहा सेंटिमीटरच थर असलेलीं जनावरें चाळीस व ऐंशी सेंटिमीटर थरावरल्यांपेक्षां अधिक कुरतडतात, असेंहि तत्पूर्वीं आढळलें होतें. गरज केवळ दांतांची असती, तर जागेच्या मापानें ती कमीजास्त झाली नसती.

येथें उलट टोंकाच्या भावविवशतेपासूनहि सावध राहिलें पाहिजे. पिंजऱ्यांतलें फिरतें चाक पाहून आपण हळहळतों. परंतु नेदरलंड्समधील लायडन येथील संशोधकांनीं तसें चाक उघड्यावर ठेविलें, तेव्हां रानचे मोकळे उंदीरहि आपण होऊन त्यावर धांवून गेले, हें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें आहे. प्राण्याच्या प्रत्येक हालचालींत आपलें दुःख वाचणें हाहि एक अहंकारच.

प्राण्यांशीं कसें वागावें ह्याविषयीं बेंथॅमनें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत दुःखाची संवेदना ही कसोटी धरली. ती कसोटी मोलाची आहे. पण आमच्या हॅम्स्टरापाशीं ती मला अपुरी वाटते. त्याला उपास नव्हता, इजा नव्हती. त्याच्या जन्मांत खणणें, लपणें, साठविणें हीं कामें होतीं. आम्हीं त्याला अन्न दिलें व कामें काढून घेतलीं.

मग सोडून द्यावा काय? पोपटाच्या बाबतींत उत्तर सोपें आहे. देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, आणि दार उघडें राहून तो उडाला तर निदान आभाळ त्याच्या पूर्वजांचें असतें. केळना आणि पूर्णा ह्यांच्या संगमावरल्या आमच्या गांवांत हॅम्स्टराचें काय आहे? उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, त्याला सोसणारी गारवा असलेली आठ फूट खोल जमीन त्याला आयती मिळणार नाहीं. मांजर, घार, घुबड हीं मात्र मिळतील. त्याला सोडणें म्हणजे मारणें, आणि मुक्तीचें पुण्य आपल्या पदरीं बांधून घेणें. ज्याला बाहेर जागा नाहीं आणि आंत करमत नाहीं, असा जीव माणसानें जगांत आणला. त्याला पाळणें ही हौस राहत नाहीं, देणें होतें.

तेव्हां आम्हीं काचेची मोठी पेटी आणली, तिच्यांत हातभर भुसा व कागदाचा चुरा दाबून भरला आणि वर जाळी बसविली. दोन रात्रींत त्यानें आंत भुयारें केलीं, कोठार केलें. कुरतडण्याचा आवाज आतां क्वचितच येतो. पण पुतणी रुसली आहे. सकाळ-संध्याकाळ ती काचेला नाक लावून बसते. आंत भुशाखेरीज कांहीं दिसत नाहीं.

"काका," ती परवां म्हणाली, "हा तर इथेंसुद्धां पळूनच गेला."